डाउन हाउस : डार्विनच्या घरी आमच्या ह्यांना गांडूळ भेटलं

आधी मार्क सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आमच्या ह्यांच्याकडून बागेला पाच आणि घराला अडीच, आणि ते अडीचसुद्धा "त्या बाईच्या पियानोसाठी" असं त्यांनी बजावून सांगितलंय. एकाच तिकिटावर एवढा फरक का पडला हे कळायचं तर थोडं घरचं ऐकून घ्यावं लागेल.

आम्ही नगरचे, भिंगारकडचे. अहिल्यानगर म्हणायची सवय अजून जिभेला लागायचीय. ख्रिस्ती घर, चौथी पिढी. पप्पा शाळामास्तर, आणि रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संदेश द्यायचे. नगरात सगळ्या मंडळ्या एकसारख्या नाहीत, पण आमची कडक होती. जग सहा दिवसांत झालं आणि दिवस म्हणजे चोवीस तासांचाच दिवस, यात घासाघीस नव्हती. संडे स्कूलमध्ये आम्ही आदामापासूनच्या पिढ्यांची वयं मांडून बेरीज करायचो. माझी बेरीज येशूच्या जन्मापर्यंत चार हजारांच्या आसपास यायची आणि पप्पा माझ्या पाठीवर थाप मारायचे. सतराव्या शतकात आयर्लंडच्या जेम्स अशर या आर्चबिशपने हीच बेरीज करून जगाचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ असा काढला होता, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे चौथीतच मी आर्चबिशपच्या तोडीचं गणित करत होते म्हणायचं.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आला तेव्हा पप्पांनी त्याच्या पानांना दोन टाचण्या लावून ती बंद केली. परीक्षेच्या आठवड्यात काढायच्या, पेपर झाला की परत लावायच्या. मी तसंच केलं. त्या धड्यावरच्या प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाले होते, आणि मला त्यातलं एक अक्षर खरं वाटत नव्हतं.

लेक आता लंडनच्या कडेला ऑर्पिंग्टनला राहते, इस्पितळाच्या लॅबमध्ये आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एका सकाळी म्हणाली, "मम्मी, आज जुनं घर बघायला जाऊ. मोठी बाग आहे, पप्पांना आवडेल." घर कुणाचं ते तिने ह्यांना सांगितलं नाही. मला डोळ्यांनी सांगितलं.

ब्रॉम्लीहून १४६ नंबरची बस थेट डाउन गावात जाते. शेवटचा टप्पा दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या झाडांत दडलेल्या अरुंद रस्त्यांचा. समोरून गाडी आली की एकाने मागे सरकायचं, आपल्या घाटातल्यासारखं. बस वरचेवर नाही, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा. गावातल्या चर्चपाशी उतरून घरापर्यंत दहा-एक मिनिटं चालावं लागतं. नावाची एक गंमत सांगते. गावाने आपल्या इंग्रजी नावाला शेवटी एक 'ई' जोडून घेतला, आयर्लंडच्या डाउन परगण्याशी टपालाचा घोळ नको म्हणून. डार्विनने मात्र घराचं नाव जुनंच ठेवलं. त्यामुळे गावाचं स्पेलिंग वेगळं आणि घराचं वेगळं. देवनागरीत हा घोळ होतच नाही, एवढं आपलं बरं आहे.

तिकीट खिडकीशी ह्यांनी पाटी वाचली. माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. "डार्विन?"

"हो."

"मी बाहेर बसतो."

लेक म्हणाली, "पप्पा, पैसे भरलेत." आमच्या ह्यांना या एका वाक्याने नरकातही नेता येईल. आले आत.

आता घराबद्दल. महाल वगैरे काही नाही. पांढरट रंगाचं, खेड्यातल्या सुखवस्तू डॉक्टरचं असावं तसं मोठं घर. चार्ल्स डार्विन १८४२ साली बायको एमा आणि दोन मुलांना घेऊन इथे राहायला आला आणि १८८२ मध्ये इथेच वारला. चाळीस वर्षं. बीगल जहाजावरून पाच वर्षं जगभर फिरलेला माणूस पुन्हा ब्रिटनबाहेर गेला नाही. ते जहाज १८३१ च्या डिसेंबरात निघालं होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक आमच्या नगरला आले तेही १८३१ सालीच. आमच्या घरात पुढे दोन बाजू होणार होत्या, त्या दोघी एकाच वर्षी समुद्रावर होत्या, असं माझ्या मनात येऊन गेलं. ह्यांना बोलले नाही.

खालच्या मजल्यावरची अभ्यासिका बघायला बहुतेक लोक येतात, आणि तिथे थांबाच. ज्या खोलीत 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे उत्क्रांतीचं पुस्तक लिहिलं गेलं ती ही. मला वाटलं होतं मोठं टेबल, पाठीमागे ग्रंथांच्या भिंती असा काही थाट असेल. आहे ती एक उंच केलेली आरामखुर्ची, पायांना चाकं, आणि हातांवर आडवी टाकायची कापड लावलेली फळी. फळीवर कागद ठेवून लिहायचं आणि खुर्चीसकट सरकत सूक्ष्मदर्शकापाशी जायचं. कोपऱ्यात पडदा, पडद्याआड मोरी. या माणसाला आयुष्यभर उलट्या आणि पोटाचा त्रास. लिहितालिहिता उठून तिथे जायचा. कुणाला ते बघून कसंसं वाटेल. मी लॅबची बाई, मला तो कोपरा बघून माणूस एकदम ओळखीचा वाटला. लहानपणी आमच्या मंडळीत याचं चित्र सैतानाच्या उजव्या हातासारखं रंगवलेलं. सैतानाच्या उजव्या हाताला चिनी मातीचं भांडं लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

ती खोली बघताना माझ्या डोळ्यांसमोर माझी स्वतःची लॅब आली, त्याचं कारण सांगते.

नगरला एका इस्पितळात मी सत्तावीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या टेबलावर होते. काम रोज एकच. प्लेटवर जंतू पसरायचे, वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीचं मोकळं रिंगण पट्टीने मोजायचं. रिंगण मोठं असलं की औषध लागू. मी लागले तेव्हा, नव्वदच्या दशकात, टायफॉइडच्या जंतूंपुढे जुनं क्लोरॅम्फेनिकॉल हात टेकत होतं. डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन लिहायला लागले. सुरुवातीला सिप्रोचं रिंगण एवढं ऐसपैस यायचं की शेजारच्या चकतीच्या हद्दीत घुसायचं. मग वर्षामागून वर्षं ते आकसत गेलं. माझ्याच पट्टीखाली, माझ्याच अक्षरातल्या वह्यांमध्ये. आणि मग आणखी एक झालं. क्लोरॅम्फेनिकॉल कुणी फारसं लिहीतच नव्हतं; तर त्याचं मिटलेलं रिंगण परत उघडायला लागलं. शत्रू नाही म्हटल्यावर ढाल वागवायचं ओझं कशाला, तसं. जंतूंना कुणी शिकवलं नव्हतं की पढवलं नव्हतं. जे तगले त्यांची पिल्लावळ वाढली, एवढंच.

हे सगळं मी मोजलं, सही करून रिपोर्ट दिले, आणि रविवारी मंडळीत जाऊन डार्विन खोटा हे मान डोलवून ऐकलं. माझ्याकडे एक वाक्य तयार असायचं : टायफॉइडचा जंतू बदलला तरी टायफॉइडचाच राहिला ना? आपापल्या जातीत बदल होतात, एका जातीची दुसरी होत नाही. या वाक्याच्या भरवशावर मी पंधराएक वर्षं काढली.

ते वाक्य मोडलं ते लेकीच्या बी.एस्सी.च्या पुस्तकाने, आणि खरं तर पप्पांच्या एका नियमाने. कुत्रा, गाय, उंदीर अशा बहुतेक सस्तन प्राण्यांना क जीवनसत्त्व खावं लागत नाही, त्यांच्या यकृतात ते बनतं. आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो. लेकीने दाखवलं की ते बनवायचं जनुक आपल्यातही आहे, फक्त मोडकं. चिंपांझीतही मोडकं, माकडांतही मोडकं, आणि मोडतोडीच्या खुणा एकमेकांशी जुळतात. गिनीपिगमध्येही ते मोडलंय, पण त्याची मोडतोड वेगळी, त्याची स्वतःची.

पप्पा कैक वर्षं बोर्डाचे पेपर तपासायचे. त्यांचा नियम घरात सगळ्यांना पाठ. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर त्यावरून काही म्हणता येत नाही, अभ्यास दोघांनीही केलेला असेल. पण चूक सारखी आली, तीही त्याच ओळीत, त्याच शब्दाला, की पेपर बाजूला काढायचे. मी लेकीचं पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी पप्पांकडे गेले. ते तेव्हा ब्याऐंशीचे. विषय न सांगता विचारलं, "पप्पा, समजा दोन पेपरांत एकाच जागी एकसारखीच खाडाखोड आहे, आणि तिसऱ्यात चूक आहे पण निराळ्या जागी. तुम्ही काय म्हणाल?"

"तिसरा त्याच्या अकलेने चुकला," पप्पा म्हणाले. "पहिल्या दोघांनी एकाच वहीतून उतरवलंय. त्यात काय विचारायचं?"

मी पुढचं बोलले नाही. चहा करून दिला आणि घरी आले. पुढच्या वर्षी पप्पा गेले. त्यांना सांगायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी अजून दर रविवारी उपासनेला जाते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ह्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणते. फक्त उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर संदेश असला की छताकडे बघते. ह्यांना माझं मत माहीत आहे. दोनदा भांडण झालं, तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी मिळून तो विषय पलंगाखाली सरकवला. २०१८ च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत बोलून गेले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, डार्विन चूक आहे. त्या दिवशी ह्यांनी पेपर घडी न घालता माझ्या ताटाशेजारी ठेवला होता. एरवी त्या पक्षाचं एक वाक्य ह्यांना पटत नाही.

असो. परत घराकडे.

अभ्यासिकेत हे दारातच उभे राहिले. कबुतरांबद्दल कळल्यावर मात्र तोंड उघडलं. डार्विनने इथे तऱ्हेतऱ्हेची कबुतरं पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या दोन क्लबांत नाव घातलं, मेलेली कबुतरं उकळून हाडं मोजली. सरदार कबुतर, पिसारेवालं कबुतर, घसा फुगवणारं, सगळी एका रानकबुतरापासून माणसाने निवडून निवडून काढलेली. माणूस काही वर्षांत एवढं करतो तर निसर्ग लाखो वर्षांत काय करेल, असा त्याचा हिशेब. हे म्हणाले, "म्हणजे कबुतरातून कबुतरच निघालं." मी म्हटलं, "हं." माझं जुनंच वाक्य, फक्त पिसं लावून आलेलं.

मग बाग.

हे कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी अकोले तालुक्यात, भातवाल्यांमध्ये. घरी मागच्या अंगणात दोन गांडूळखताचे वाफे आहेत आणि त्यांची निगा माझ्यापेक्षा जास्त राखली जाते. बागेत एका मोठ्या झाडाखाली गवतात जात्याच्या तळीसारखा एक गोल दगड आहे, मध्ये भोक. माहिती वाचून लेकीने सांगितलं की हा गांडुळांचा दगड. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, त्यामुळे वरची वस्तू हळूहळू जमिनीत उतरते. ती वर्षाला किती उतरते हे मोजायला केलेली ही योजना. डार्विनचा मुलगा होरेस याने यंत्र बसवून मोजलं तर वर्षाला साधारण सव्वादोन मिलिमीटर भरलं. आता आहे ती त्या मांडणीची नक्कल.

हे गुडघ्यावर बसले. इंग्लंडच्या ओल्या गवतात, इस्त्रीच्या पँटसकट. "सव्वादोन मिलिमीटर? मोजलं?"

मग मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. १८४२ च्या डिसेंबरात, म्हणजे या घरात आल्या आल्याच, घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. १८७१ च्या नोव्हेंबरात तिथे चर खणला. पांढऱ्या खड्यांची रेघ सात इंच खाली सापडली.

"किती वर्षं झाली मधे?"

"एकोणतीस."

"एकोणतीस वर्षं थांबला गांडुळासाठी?" हे उठले, गुडघे झाडले नाहीत. "आमच्या खात्यात एकोणतीस महिन्यांत योजना गुंडाळतात."

त्यानंतर दिवस माझ्या हातातून गेला. गांडुळांना कुंडीत घालून एमाच्या पियानोवर ठेवलं होतं, नुसत्या आवाजाला ती दाद देईनात, मुलाने 'बसून' नावाचं फुंकवाद्य वाजवलं तरी ढिम्म. पण पियानोच्या लाकडातून कंप गेला की बिळात पळायची, हे ऐकल्यावर तो पियानो बघायला ह्यांनी आम्हाला पुन्हा घरात नेलं. अडीच मार्क त्याचे. दर एकराला वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते, हा हिशेब डार्विनने १८८१ सालच्या आपल्या शेवटच्या पुस्तकात मांडला. हे अकोल्याच्या शेतकऱ्यांना वीस वर्षं सांगत आले की गांडूळ शेतकऱ्याचा मित्र. हे पहिलं मोजून कुणी दाखवलं ते त्यांना साठीनंतर कळत होतं. चेहऱ्यावर आनंद होता आणि फसवले गेल्याचा राग होता. दोन्ही मला दिसत होतं, म्हणून मी कुंपणावरची फुलं बघत राहिले.

बियांचा प्रयोगही तसाच. दूरच्या बेटांवर झाडं पोचली कशी? एकेक बेटासाठी देवाने वेगळी झाडं केली की बिया समुद्रावरून तरंगत गेल्या? डार्विनने मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांत बिया टाकून ठेवल्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ अठ्ठावीस दिवसांनंतरही उगवल्या. ह्यांना हे सहन होईना. "आम्ही भाताचं बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवतो, पोकळ दाणे वर येतात ते काढून टाकायचे, की लगेच साध्या पाण्याने धुवायचं. अठ्ठावीस दिवस ठेवलं तर शेतकरी माझ्या घरी येईल भांडायला." लेक म्हणाली, "पप्पा, म्हणूनच त्यांनी करून बघितलं." हे गप्प. मलाही एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी मी पप्पांना विचारलं होतं, जलप्रलयात झाडं तारवात नव्हती, मग ती वाचली कशी? पप्पा म्हणाले होते, देवाने वाचवली. त्यांच्याकडे बाटली नव्हती, मिठाचं पाणी नव्हतं, आणि विचारायला वेळही नव्हता; सहा पोरं आणि मास्तरचा पगार.

काचघर चुकवू नका. कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत. त्यातली दवबिंदू आपल्याकडे कासच्या पठारावर येते, पावसाळ्यात वाकून बघणाऱ्यांना दिसते. डार्विन तिच्या एवढा नादी लागला होता की जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला हिचीच काळजी जास्त, असं मित्राला लिहून गेला. ऑर्किडही आहेत. मादागास्करच्या एका ऑर्किडची मधाची नळी फूटभर लांब. ती बघून १८६२ मध्ये याने सांगितलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिकडे असलाच पाहिजे. लोक हसले. तसा पतंग १९०३ साली नोंदला गेला, तोवर डार्विनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

बागेच्या टोकाला सँडवॉक, त्याची फेरी मारायची पायवाट. रोजच्या फेऱ्या मोजायला वळणावर गारगोट्या ठेवायचा आणि दर फेरीला एक पायाने उडवायचा. डोकं विचारात, हिशेब पायात. झाडी दाट, वाट सपाट, गुडघेदुखीवाल्यांना जमेल. जवळच बिगिन हिलचा विमानतळ आहे, त्यामुळे तिथल्या शांततेला मधूनमधून छोट्या विमानांची घरघर असते. मला तिचा त्रास झाला नाही. भिंगारला लष्कराच्या गाड्या ऐकत वाढलेय मी.

वरच्या मजल्यावर वाचायला पुष्कळ आहे, तासभर हाताशी ठेवा. मुलांना नेलंत तर जिन्यावरून घसरायची लाकडी घसरगुंडी दाखवा. डार्विनच्या पोरांची कल्पना. दहा मुलं झाली, तीन लहानपणीच गेली. 'ओरिजिन'च्या हस्तलिखिताची जी थोडी पानं उरली, त्यातली काही उरली ती पोरांनी पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढली म्हणून. बापाने जगाची घडी मोडली आणि पोरांनी मागच्या बाजूला भाज्यांची लढाई रंगवली. आमच्या घरात संदेशाच्या कागदाला हात लावला असता तर पाठीवर चित्र निघालं असतं.

माझा अर्धा मार्क कुठे गेला ते आता सांगते. तो मी दिवाणखान्यात ठेवून आले.

एमा श्रद्धाळू होती. दर रविवारी मुलांना घेऊन गावातल्या चर्चमध्ये जायची. हा सोबत चालत जायचा आणि उपासना सुरू झाली की बाहेर हिंडत राहायचा. तरी गावाच्या कोळसा-कपडे निधीचे हिशेब यानेच ठेवले, पाळकसाहेबांशी आयुष्यभर दोस्ती राखली. स्वतः केंब्रिजला शिकायला गेला होता तो पाळक व्हायचं म्हणूनच. लग्नानंतर लवकरच एमाने त्याला एक पत्र लिहिलं. एकाच घरात होते, तरी लिहिलं, कारण काही गोष्टी तोंडाने निघत नाहीत. काळजी ही की तू या वाटेने गेलास तर आपण दोघं अनंतकाळ एकमेकांचे राहणार नाही. त्याने ते पत्र जपून ठेवलं आणि त्याच कागदावर तिच्यासाठी लिहून ठेवलं की मी गेल्यावर तुला कळावं, कितीतरी वेळा या पत्राचं चुंबन घेतलंय आणि यावर रडलोय.

दोघांचं मत शेवटपर्यंत एक झालं नाही. १८५१ मध्ये दहा वर्षांची ॲनी गेली, तेव्हाही नाही. पण रोज संध्याकाळी दोघं या खोलीत बॅकगॅमन हा फासे-सोंगट्यांचा खेळ खेळायची. त्याचा हिशेब ठेवलेला आहे, अर्थात त्यानेच. १८७६ मध्ये एका मित्राला आनंदाने कळवतो, बिचारी एमा २४९० डाव जिंकली आणि मी २७९५. ज्याला कळवलं तो आसा ग्रे, अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ, स्वतः पक्का ख्रिस्ती आणि डार्विनचा पक्का पाठीराखा. दोन्ही एकत्र असलेला माणूस तेव्हाही होता. आमच्या मंडळीत त्याचं नाव कुणी कधी घेतलं नाही.

त्या खेळाच्या टेबलाशी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. हे पाठीमागून आले. काय वाचतेस म्हणाले. मी पत्राचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग बोर्डाकडे बोट दाखवून विचारलं, "आपण काय खेळायचो गं, लग्न झाल्यावर?"

"पत्ते. मेंढीकोट."

"बंद कधी झालं?"

मला आठवेना. म्हणजे आठवत होतं.

चहा-खाण्याची सोय घरालगतच आहे. स्कोन चांगला, चहाला साखर आपली आपण घालायची. ह्यांनी चार पुड्या घातल्या. दुकानात पुस्तकं, रोपं, खेळणी. लेकीने मला एक मग घेऊन दिला, तो मी भिंगारला कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवलाय, पाहुण्यांचा विचार करून.

ज्यांना डायनोसॉरचे सांगाडे हवेत, त्यांनी साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जावं, इथे हाडं शोधू नयेत. आणि घरात कुणी आमच्या ह्यांच्यासारखं असेल तर एक करा : आधी बागेत न्या, अभ्यासिका नंतर.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून चर्चच्या अंगणात गेलो. एमाची कबर तिथे आहे, १८९६ मध्ये गेली. तो नाही, त्याला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये नेलं. ह्यांनी टोपी काढून हातात धरली आणि तिच्यासाठी एक लहानशी प्रार्थना केली. त्याचं नाव त्यात आलं नाही, पण "घरच्यांना" हा शब्द आला.

बसथांब्यावर लेकीने शेवटचा एक प्रयोग सांगितला. तीन फूट लांब, दोन फूट रुंद जमीन खणून साफ केली. आपोआप उगवणारं एकेक तण मोजलं. ३५७ उगवली. २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांनी खाल्ली.

"बासष्ट राहिली," हे लगेच म्हणाले. हिशेबात पक्के. मग रस्त्याकडे बघत बराच वेळ गप्प. "कोणती राहिली असतील? ज्यांचं पान राठ, ती. किंवा चवीला कडू. किंवा जी लवकर वर आली, गोगलगाय यायच्या आधी. त्यांचंच बी पडणार पुढच्या साली. मग पुढच्या साली राठ पानाची जास्त येणार." ते थांबले. मी लेकीकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"पण गवताचं गवतच राहिलं ना," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

बस आली. त्यांनी मला खिडकी दिली.